मराठी पासवर्ड घेता, मग ओळखत का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकमधील एका पतसंस्थेच्या संकेतस्थळावर मी मोबाइलवरून नोंदणी केली आणि पासवर्ड म्हणून ‘गोदाकिनाऱ्यावरचीसंध्याकाळ’ असे लिहिले (तो आता बदलला आहे, म्हणून येथे देण्यास हरकत नाही). संकेतस्थळाने तो बिनतक्रार स्वीकारला. मात्र घरच्या जुन्या संगणकावर तोच पासवर्ड पुनःपुन्हा टाकूनही तो चुकीचा असल्याचेच उत्तर आले आणि शेवटी खाते गोठले. शाखेत गेलो, तर ‘काका, पासवर्ड इंग्रजीतच ठेवायचा असतो,’ असे सांगण्यात आले.

घोटाळा होता तो ‘ऱ्या’मध्ये. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षरचिन्हाला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, हे अक्षर ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह घेऊन लिहिता येते, तसेच साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घेऊनही लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे ठिपक्यांऐवजी अक्षरे दाखवणारे बटण दाबूनही उपयोग नसतो. परंतु पासवर्डचा हॅश (जपून ठेवण्यासाठी केलेले त्याचे सांकेतिक रूप) बाइटवरून, म्हणजे अक्षरे ज्या संख्यांच्या रूपात साठवली जातात त्यांवरून, काढला जात असल्याने संगणकाच्या लेखी ते दोन निराळे पासवर्ड ठरतात. ‘ॲ’ची गतही तीच: हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आले, आणि ‘अ’वर चंद्र देऊन लिहिणारे आजही आहेत.

हॅश काढण्यापूर्वी अक्षरांचे सामान्यीकरण करावे, म्हणजे एकाच अक्षराच्या निरनिराळ्या लिखाणांना एकच रूप द्यावे, असे आरएफसी ८२६५ हे २०१७चे इंटरनेट मानक सांगते. त्याने ‘र’ला नुक्ता (खालचे टिंब) देऊन लिहिलेला ‘ऱ’ मूळ चिन्हाशी एकरूप होतो, पण वर सांगितलेल्या दोन्ही जोड्या वेगळ्याच राहतात. त्यांची सोय मराठी जाणणाऱ्या प्रोग्रामरनेच करावी लागेल, आणि शेतकऱ्यांसाठी सेवा काढणाऱ्यांना ‘ऱ्या’ परका वाटू नये.

दुसरी गोष्ट लांबीची. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे युनिकोडची चिन्हे बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट घेते. बीक्रिप्ट ही हॅश काढण्याची प्रचलित पद्धत पहिले ७२ बाइटच विचारात घेते, म्हणजे २४ चिन्हे. माझ्या पासवर्डात ती २५ होती. अशा ठिकाणी शेवटचा ‘ळ’ टाकला काय आणि गाळला काय, सारखेच.

हे सारे सांभाळणे ज्यांना जमणार नसेल, त्यांनी ‘फक्त इंग्रजी अक्षरे चालतील’ ही सूचना नोंदणीच्या पानावरच मराठीत द्यावी. खाते गोठल्यावर शाखेच्या खिडकीत नव्हे.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, इंदिरानगर, नाशिक