पंख झाले, धड सुरू केलंय

ओहायो, १८ जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. तब्येत चांगली आहे, नोकरी नीट चालू आहे, थंडी खूप आहे पण अंगावर कपडेही भरपूर असतात. रोजचं सगळं फोनवर होतंच, ते पुन्हा लिहीत नाही. पत्र अशासाठी, की विमानाचा विषय निघाला की आई गप्प होते आणि बाबा "बरं, बरं" म्हणत फोन दादाकडे देतात. मला जे सांगायचंय ते तसंच राहून जातं.

तर, दोन्ही पंख पूर्ण झाले. गॅरेजच्या लांब भिंतीशी, पुढची कड खाली करून, लाकडी घोडीत उभे ठेवलेत. शेपूट मागच्या वर्षीच झाली होती. आता धड सुरू केलंय. आरव्ही-९ए म्हणजे दोन माणसांचं, शेजारी शेजारी बसायचं विमान. किट ओरेगनच्या व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीचं आहे.

आई, तू दर वेळी विचारतेस की एवढा पगार आहे तर कारागीर लावून का करून घेत नाहीस, रात्री-बेरात्री स्वतःच का ठोकत बसतेस. याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. कारखान्यात बनणाऱ्या विमानाचं डिझाइन आणि त्याचा एकेक भाग सरकारने आधी तपासून मंजूर केलेला असतो. घरी बांधलेल्या विमानाला ती मंजुरी नसते. त्याचा वर्गच वेगळा, 'एक्सपेरिमेंटल'. त्या वर्गात बसायचं तर अर्ध्याहून जास्त काम हौशी माणसानं स्वतः केलेलं असावं लागतं, आणि तेही फक्त शिकण्यासाठी किंवा आवड म्हणून. सगळे याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेतलेलं काम त्यात धरत नाहीत. किट कंपनी पत्रे कापून, भोकं पाडून देते, पण तिनं किती करून द्यायचं यालाही मर्यादा आहे. मलाही आधी हे उलटंच वाटलं होतं. ज्याला येतं त्याच्याकडून करून घ्यावं, ही आपली रीत. इथे म्हणतात, तुला येत नाही ना, मग तूच कर, म्हणजे येईल. आणि ते खरंच येतं. विमान पूर्ण झालं की विमानांचं सरकारी खातं, एफएए, बांधणाऱ्याला एक दाखला देतं. त्यावर मला दरवर्षीची तपासणी स्वतः करता येईल, पण फक्त या एका विमानाची. दुसऱ्या कुणाच्या आरव्ही-९एला हात लावायचा अधिकार त्यात नाही. तपासनीस येतो तेव्हा काम आपणच केल्याचा पुरावा मागतो, म्हणून वही आणि फोटो ठेवायचे. तू म्हणालीस ना, प्रत्येक फोटोत तुझे हात काळे आणि केस पिंजारलेले का? आई, ते फोटो त्या माणसाला दाखवायचेत. वहीत कालपर्यंत १,१४६ तास झाले.

बाबा, आता तुमच्याशी बोलते. तुम्ही एसटीच्या वर्कशॉपात बॉडीच्या पत्र्यांना रिपीट, म्हणजे रिव्हेट, मारायचात, तेच इथे दिवसभर चालतं. फक्त रिपीट बारीक, अडीच मिलिमीटरलाही थोडी कमी, आणि बाहेरच्या पत्र्यावर डोकं बुडणारी, म्हणजे वारा अडायला नको. बाहेरून हवेवरची गन, आतून लोखंडी ठोकळा. आतलं डोकं दबून रिपिटीच्या दीडपट रुंद आणि अर्ध्या जाडीइतकं उंच व्हायला हवं, ते मी गेज लावून बघते. जिथे माझा हात दोन्हीकडे पोचत नाही तिथे शेजारचे आजोबा ठोकळा धरायला येतात. भोकाची कड खरखरीत राहिली तर तडा तिथूनच सुरू होतो, म्हणून प्रत्येक भोक दोन्ही बाजूंनी साफ करायचं. तुम्ही संध्याकाळी घरी यायचात तेव्हा शर्टाच्या बाहीत अ‍ॅल्युमिनियमचे चमकणारे कण असायचे, आई दारातच शर्ट झटकायला लावायची. आता माझ्या बाहीत असतात. मीही दारातच झटकते.

टाक्यांचं मात्र तुम्ही इथे असतात तर एका तासात झालं असतं. पेट्रोलच्या टाक्या पंखाच्या पुढच्या भागातच असतात, प्रत्येकी ६८ लिटरच्या. वेगळा डबा नसतो, पंखाचा पत्रा हाच टाकीचा पत्रा. आतल्या प्रत्येक जोडाला आणि प्रत्येक रिपिटीला एक काळा, चिकट, घाण वास येणारा लेप लावायचा. मग टाकी बंद करून एका तोंडाला रबरी फुगा बांधायचा, जरा हवा भरायची आणि एक दिवस बघत बसायचं. फुगा उतरला तर टाकी गळते. माझा पहिल्या रात्रीतच उतरला. साबणाचं पाणी लावत गेले, तर टोकाच्या फळीपाशी, एका रिपिटीच्या कडेला, मोहरीएवढा बुडबुडा फुगायचा, फुटायचा, पुन्हा फुगायचा. तुम्ही घमेल्यात ट्यूब बुडवून मला "बघ, कुठून येतंय" म्हणायचात, ते अगदी तसंच आठवलं. लेप खरवडून पुन्हा लावला, चार दिवस वाळू दिला, पुन्हा फुगा बांधला. सकाळी पाहते तर पुन्हा मलूल. साबण लावला तर बुडबुडा कुठेच नाही. मी तिथेच जमिनीवर बसून रडले, खरं सांगते.

इथे ईएए नावाची हौशी विमान बांधणाऱ्यांची संस्था आहे, १९५३ पासूनची. तिच्यातले अनुभवी लोक घरी येऊन काम तपासतात, पैसे घेत नाहीत. त्यांतले एक काका आले, भिंतीवरचा थर्मामीटर बघितला आणि म्हणाले, हीटर लाव आणि दुपारपर्यंत हात लावू नकोस. दुपारी फुगा पुन्हा टम्म. रात्रीच्या थंडीनं आतली हवाच आकसली होती. टाकी ठीक होती.

आई, आता तुझी खरी काळजी. ऑशकॉशच्या, म्हणजे ईएएच्या विमानमेळाव्यातल्या, विमानाच्या फोटोत दाराजवळ 'एक्सपेरिमेंटल' लिहिलेलं वाचून तू दोन दिवस जेवली नाहीस, असं वहिनीने, म्हणजे होणाऱ्या वहिनीने सांगितलं. ते शब्द प्रत्येक घरगुती विमानावर कमीत कमी दोन इंच उंचीच्या अक्षरांत लिहावेच लागतात. आत बसणाऱ्याला विमान कुठल्या वर्गातलं आहे हे आधी कळावं म्हणून. विमान कच्चं आहे असा त्याचा अर्थ नाही. उडण्याआधी सगळं उघडं ठेवून तपासनिसाला दाखवावं लागतं. मग इंजिन आणि पंख्याची मंजूर जोडी असली तर २५ तास, नाहीतर ४० तास, ठरवून दिलेल्या भागातच चाचण्या घ्यायच्या, आणि तोवर हौसेनं कुणालाही शेजारी बसवायची परवानगी नाही. त्याआधी मी याच जातीच्या विमानावर शिक्षकाबरोबर सराव करणार आहे. मी उतावीळ नाही. शेपटीचा एक पत्रा गन घसरून चंद्रकोरीएवढा दबला होता, कुणाला दिसलाही नसता, तरी मी तो काढून नवा लावला. आणि अमोल यादवांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं, ते २०१६ला मुंबईत सगळ्यांनी पाहिलं, तेव्हा कात्रण जपून ठेवणारी तूच होतीस. त्यांनी आराखड्यापासून सगळं केलं. माझ्याकडे तर पानोपानी सूचना आहेत.

गॅरेजमध्ये मी मास्क लावते, कानांवर मफ असतात, आणि रात्री नऊनंतर गन बंद. एकटी असते हे खरं. पण एकटं वाटत नाही.

आता पैशांचं. दादाच्या लग्नासाठी तीन लाख पाठवलेत, उरलेले मार्चअखेर येतील. हॉल मोठाच घ्या. ते पैसे इंजिनासाठी ठेवलेले होते हे दादाला सांगू नका, नाहीतर तो घेणार नाही. इंजिन पुढच्या वर्षी घेईन, तोवर धडाचं काम पुरेल. मी मेमध्ये पंधरा दिवस येतेय, तिकीट काढलं.

आत्याने सुचवलेल्या मुलाशी दोनदा बोलले. माणूस सभ्य आहे. लग्नानंतर हे विकून टाकशील ना, असं त्यानं विचारलं. मी नाही म्हणाले. आत्याला तुम्हीच जरा समजावून सांगा, माझ्याकडून ती दुखावेल.

आणि बाबा, तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला रजा मिळत नाही असं मी सांगितलं होतं. रजा होती. तिकिटाचे पैसे धडाच्या पेटीत गेले होते, आणि पेटी आणखी सहा महिने थांबवता आली असती. दादा एकटा हॉस्पिटलात झोपला. पेटी आली त्या दिवशी मी ती उघडली नाही, आठवडाभर नुसती येता-जाता बघत होते. हे फोनवर बोलता आलं नाही. मेमध्ये आले की रागवा.

एक काम आहे. विमानाला आगीत न वितळणारी एक पाटी लावावी लागते. तिच्यावर बांधणाऱ्याचं नाव, मॉडेल आणि अनुक्रमांक कोरायचा. अनुक्रमांक कुठला घ्यायचा हे बांधणाऱ्यानं ठरवायचं असतं. मला तुमचा वर्कशॉपचा टोकन नंबर हवाय. फोनवर सांगू नका, तुमच्या अक्षरात कागदावर लिहून दादाला फोटो पाठवायला सांगा. एकही आकडा चुकायला नको.

गुडघ्याचे व्यायाम चुकवू नका. आईला सांभाळा.

तुमची
धाकटी