नाशिकच्या रविवारच्या सहलीबाबत सभासदांना सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी नाशिकला न्याहारीसाठी काळ्या मसाल्याची मिसळ आणि दुपारी गंगापूर धरणाजवळच्या द्राक्षमळ्यात जेवण ठरले आहे. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात चालत असल्याने मळा ऐन भरात पाहता येईल. झणझणीत रश्शासोबत जड तांबडी वाइन घेतल्यास तिखट अधिकच बोचते, म्हणून किंचित गोडसर शेनिन ब्लाँ (याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन) ८ ते १० अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून घ्यावी, असा आमचा आग्रह आहे. नाशिकच्या मातीत हे द्राक्ष फार चांगले रुजले आहे. वाइन न घेणाऱ्यांनी व शाकाहारी सभासदांनी गुरुवारपर्यंत कळवावे. वाहन चालविणाऱ्यांनी वाइनचा घोटही घेऊ नये.

— कार्यवाह