कोकणातला संथ प्रवास आणि वस्तीची गाडी

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

काल रविवारच्या पुरवणीत कोकणातल्या संथ प्रवासावरचा लेख वाचला. ट्रेनने आणि एसटीने फिरा असं कुणीतरी सांगतंय म्हणून आधी बरंच वाटलं, पण पुढं ‘खिडकीतून समुद्र सतत सोबत करतो’ हे वाक्य आलं आणि लेखक या गाडीत बसलेलेच नाहीत हे कळलं. रोह्यापासून सावंतवाडीपर्यंत रेल्वे आतल्या अंगानं, डोंगर फोडून जाते. नद्या दिसतात, खाडीचं पाणी दिसतं, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, समुद्र कुठाय? समुद्रावर जायचं तर उतरून एसटीच धरावी लागते. दापोलीला जायचं तर खेडला उतरा, गुहागरसाठी चिपळूण, मालवणसाठी कुडाळ नाहीतर कणकवली. राजापूर रोड स्टेशन तर राजापूरपासून केवढं लांब आहे. म्हणजे स्टेशन ते स्टँड आणि स्टँड ते गाव, सगळा प्रवास या दोन तुकड्यांवर अडतो, आणि त्याबद्दल अख्ख्या लेखात एकच ओळ आहे, ‘स्टेशनबाहेर बस सहज मिळते’. त्या ओळीसाठीच हे पत्र लिहितोय.

मागच्या मे महिन्यात आईला घेऊन गावी चाललो होतो. सकाळची पॅसेंजर दिव्याहून धरली, आईनेच हट्ट केला, तिला एक्सप्रेसपेक्षा हीच आवडते, प्रत्येक स्टेशनवर कोण चढलं कोण उतरलं ते बघत बसते. गाडी लेट झाली त्याबद्दल माझी तक्रार नाही, वीर स्टेशनच्या पुढं एकेरी लाइन आहे, क्रॉसिंगला थांबावं लागणारच. रिक्षा करून स्टँडवर पोचलो तेव्हा वस्तीच्या गाडीला, म्हणजे रात्री गावात मुक्कामाला जाणाऱ्या एसटीला, अजून वेळ होता. स्टँडचं नाव लिहीत नाही. चौकशीच्या खिडकीत विचारलं, ‘लागेल गाडी, बसा.’ बसलो. अंधार पडला, परत विचारलं, परत तेच उत्तर. शेवटी बाकावरची एक कॉलेजची मुलगी म्हणाली, काका, आज गाडी नाय येणार, ड्रायव्हर नाय, आमच्या ग्रुपवर मघाशीच आलंय. पोरींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जी बातमी आली ती खिडकीतल्या माणसाला माहीत नव्हती, किंवा माहीत होती आणि त्याने सांगितली नाही, मला यातली दुसरी गोष्ट खरी वाटते. मी परत गेलो तर खिडकी बंद. पंचाहत्तरी पार केलेल्या माणसांना २०२२ पासून एसटी फुकट आहे, बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, चांगलंच आहे ते, पण गाडीच लागत नसेल तर त्या सवलतीचं आईने काय करायचं? त्या रात्री रिक्षावाल्याने मागितले तेवढे पैसे मोजले आणि गेलो. त्या पोरींसाठी गावातून कुणाचातरी टेम्पो आला, त्यात उभ्याने गेल्या.

आणि वस्तीची गाडी रात्री आली नाही की सकाळचीही गेली, कारण गावात मुक्काम करून तीच पहाटे परत फिरते. म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याच पोरींचं कॉलेज बुडालं, सरकारी दवाखान्यात जाणारे घरी राहिले. तुमच्या लेखकांना ज्याच्यात निवांतपणा दिसतो ती आमची रोजची गाडी आहे हो, ती चुकली तर दिवस जातो.

लेखात जुलै-ऑगस्टमध्ये जा म्हणून सुचवलंय आणि खाली वेळा मात्र उन्हाळ्यातल्या दिल्यात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं टाइमटेबल लागतं, गाड्यांचा वेग कमी करतात, हे तरी तपासायचं. दाभोळ-धोपावे फेरीबोटीचं वर्णन छान केलंय, ते मान्य, मीही त्या बोटीतून आईला समुद्राचा वारा खायला नेतो. पण गाडी नसलेल्या माणसाने धोपाव्याला उतरून पुढं गुहागर कसं गाठायचं ते लिहिलंच नाही.

माझी मागणी साधी आहे. पुढच्या पुरवणीत स्टेशनवार शेवटची एसटी किती वाजता ते छापा, आणि छापण्याआधी संध्याकाळी स्टँडवर माणूस उभा करून ती खरंच सुटते का ते बघा, खिडकीत फोन करून विचारू नका. मुंबई आवृत्तीत कोकण म्हटलं की हापूस, अपघात आणि गणपतीचं वेटिंग एवढंच येतं, आणि रत्नागिरी पॅसेंजर कोविडनंतर दादरऐवजी दिव्याहून सुटायला लागली, लोकांनी निवेदनं देऊन देऊन हात दुखवले, त्याला तुमच्याकडे एखादा कोपरा मिळतो तेवढाच.

तसंच तिसऱ्या फोटोखाली ‘वाशिष्ठीवरील रेल्वे पूल’ छापलंय. तो पानवलचा पूल आहे, रत्नागिरीजवळचा, ६४ मीटर उंच. उद्याच्या अंकात दुरुस्ती द्यावी.

आपला,
एक वाचक, डोंबिवली