तीन महिने झाले, तरी गोळ्या का?

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "खोकला गेला, ताप गेला, वजनही वाढलं. आता आणखी तीन महिने गोळ्या कशाला?" मी नुसतीच चिडले. जन्मभर वर्गात सूक्ष्मजीव शिकवले आणि पोटच्या पोरीला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हे पत्र.

क्षयाचा जंतू मुळातच संथ. आपल्या आतड्यातला ई. कोलाय हा जंतू सोयीच्या जागी 20 मिनिटांत दुप्पट होतो, क्षयाच्या जंतूला 20 तासांच्या आसपास लागतात. त्यात आपल्या पेशींनी वेढा घातला की त्याला ऑक्सिजन कमी पडतो, वर नायट्रिक ऑक्साइडचा मारा. अशा वेळी तो झोपी जातो. झोपणं म्हणजे काहीच न करणं, असं मीही पूर्वी समजायचे. पण त्यालाही तयारी लागते.

जंतूत डॉस-एस आणि डॉस-टी अशी दोन प्रथिनं पहाऱ्यावर असतात. त्यांच्यात हीम असतं. हो, आपल्या हिमोग्लोबिनमध्ये असतं तेच. ऑक्सिजन घटला की ती डॉस-आर या तिसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट चिकटवतात. मग डॉस-आर जोडीने डीएनएवरच्या ठरावीक अक्षरक्रमावर जाऊन बसतं आणि सुमारे 48 जनुकं चालू करतं. एकूण जनुकं जवळपास 4000, त्यातली ही मूठभर. पण वाढ थांबवून तग धरायला तेवढी मोठी मदत होते. उपाशी ई. कोलायमध्ये तर याहून गंमत. 1992 साली वर्णन झालेलं डीपीएस हे प्रथिन डीएनएला इतकं घट्ट आवळतं की दोघांचे मिळून स्फटिक बनतात. घर बंद करून जाताना सामान गुंडाळून ठेवावं तसं.

आता तुझ्या गोळ्या. आयसोनियाझिड जंतूच्या भिंतीचं बांधकाम बिघडवतं. ज्याने बांधकामच थांबवलंय, त्याचं ते काय बिघडवणार? 1944 मध्ये जीवाणूशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांना पेनिसिलिनमधून वाचलेले थोडे स्टॅफिलोकोकाय जंतू सापडले. त्यांची पुढची पिढी मात्र त्याच पेनिसिलिनने मेली. म्हणजे ते औषधाला दाद न देणारे झाले नव्हते, फक्त निजलेले होते. झोपेचं सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही म्हणतात. इथे सोंग नाही, खरीच झोप आहे, आणि जाग कधी येईल ते सांगता येत नाही. अधूनमधून हालचाल करणाऱ्यांना तुझं दुसरं औषध, रिफॅम्पिसिन, गाठतं, पण त्यासाठी ते रोज तिथे हजर हवं. उरलेले तीन महिने त्यासाठी.

डोळे पिवळे दिसले, उलट्या झाल्या किंवा नजर धूसर वाटली तर लगेच डॉक्टरांना दाखव, पण मनाने काही बंद करू नकोस. पहिल्या आठवड्यात लघवी नारिंगी झाली म्हणून रडत फोन केला होतास, आठवतं? ते रिफॅम्पिसिनचंच काम. तो रंग अजून दिसतोय की नाही, तेवढं कळव.

तुझी,
आई