काकू, ही तुमची पोच

प्रति,
दुसऱ्या मजल्यावरच्या काकू (सध्या मुक्काम नाशिक)

विषय : राहून गेलेले आभार मानण्याबाबत.

काकू,

विषय एका ओळीत मावला नाही, तर लिहिणाऱ्यालाच काय हवंय ते कळलेलं नाही, असं तुम्ही म्हणायचात. बघा, मावला.

तुम्ही कळवा सोडून लेकीकडे निघालात त्या दिवशी रिक्षात बॅगा चढवताना मी घाईघाईत थँक्यू म्हटलं. तुम्ही म्हणालात, "तोंडी आहे, धरत नाही." चेष्टाच होती, पण मनात राहिली. म्हणून हे लेखी. आणि चारचौघांत अशासाठी की लेकाच्या वर्गातल्या दोघी-तिघी आयांनी माझ्याकडे 'तो अर्ज' मागितला. अर्ज दिला. पण नुसता अर्ज देऊन भागत नाही, त्याच्यामागची बाईसुद्धा सांगावी लागते.

लेक तेव्हा चौथीत होता. कळव्यापासून सीएसएमटीपर्यंतची स्टेशनं सरळ आणि उलटी म्हणायचा, पारसिकचा बोगदा कसा खणला असेल यावरून बाबाशी वाद घालायचा. वहीत मात्र 'घर'चं 'धर' व्हायचं, 'भात'चा 'मात'. फळ्यावरचं उतरवताना निम्मी ओळ गायब. खाली लाल शाईत 'अक्षर सुधारा', 'लक्ष नाही', आणि एकदा तर नुसतंच मोठं उद्गारचिन्ह. त्याचा अर्थ मला आजवर कळलेला नाही.

मग शाळेने बोलावलं. मुख्याध्यापिका गोड बोलल्या. इथे त्याचे हाल होतील, आमच्याकडे तसे शिक्षक नाहीत, तुम्ही दुसरी शाळा बघा. आणि टाइप केलेला एक कागद पुढे सरकवला. वर्ष संपलं की आम्ही स्वखुशीने दाखला काढून नेऊ, असं हमीपत्र. ह्यांनी तर खिशातून पेनही काढलं होतं. मी "चष्मा विसरले, घरी वाचून देते" म्हणून कागद उचलला. मला चष्मा नाही.

जिन्यात तुम्ही भेटलात, हातात दुधाच्या पिशव्या. कागद वाचलात, 'स्वखुशीने'वर बोट ठेवलंत आणि विचारलंत, "खूश आहेस?"

मी तिथेच पायरीवर बसून रडले.

"मग सही कशी करणार?" एवढं बोलून तुम्ही दूध तापवायला निघून गेलात. तुमच्या स्वभावात समजूत काढणं नाहीच. पण संध्याकाळी मला वर बोलावलंत, टेबल पुसून ठेवलं होतंत, आणि पट्टी, पेन्सिल, कार्बन काढून ठेवले होते. कार्बन! मी झेरॉक्स काढते म्हटलं, तर "दोन्ही प्रतींवर तुझंच अक्षर असू दे."

सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर तुमची ३१ वर्षं गेलेली. कायद्यातलं मला काही कळत नाही, पण कागद कुठे अडतो ते कळतं, असं तुम्ही आधीच सांगून टाकलंत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हे नाव मी मोबाइलवर शोधून काढलं होतं आणि छापून आणलं होतं. आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, या कायद्यात २१ झाले, आणि त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. म्हणजे डोकं चांगलं चालतं, पण वाचन, लेखन किंवा गणित अडतं, अशी मुलं. मी तेवढ्यावरच हरखले होते. तुम्ही पट्टी धरून कलम १६ ओळीओळीने वाचत होतात.

शाळेचं म्हणणं होतं, आम्ही विनाअनुदानित, आम्हाला हे लागू नाही. तुम्ही एका शब्दाखाली पेन्सिलने दोनदा रेघ ओढलीत. सरकारने किंवा स्थानिक प्राधिकरणाने अनुदान दिलेल्या *किंवा* मान्यता दिलेल्या शाळा, असं तिथे आहे. "यांना मान्यता आहे ना? पाटीवर क्रमांक आहे ना? मग झालं. अख्खं प्रकरण या 'किंवा'वर उभं आहे." त्याच कलमात पुढे अशा मुलांची अडचण लवकरात लवकर ओळखावी आणि शिकवण्याचे योग्य उपाय करावेत असंही लिहिलंय. दाखला हातात द्या, असं कुठेही नाही.

अर्ज पाऊण पानाचा झाला. माझ्या कच्च्या मसुद्यातलं 'अन्याय' तुम्ही खोडलंत, 'आईचं काळीज' तर दोनदा खोडलंत. उरल्या तीन मागण्या. हमीपत्रावर सही करणार नाही, ते मागे घ्यावं. तपासणीसाठी शाळेचं पत्र आणि प्रगतिपुस्तकाच्या प्रती द्याव्यात. उत्तर लेखी द्यावं.

शाळेतले क्लार्क म्हणाले, ठेवून जा, मॅडमना देतो. तुम्ही शिकवलं होतंत तशी मी दुसरी प्रत पुढे करून उभी राहिले. सही, शिक्का, तारीख. ते नाही म्हणाले. मी बाकावर बसले. डबा संपायची घंटा झाली, तरी बसले. शेवटी त्यांनी शिक्का असा आपटला की टेबलावरची टाचणीची डबी उडाली. ती प्रत घेऊन मी जिना चढत आले, तेव्हा तुम्ही चष्म्यातून तारीख तपासलीत आणि पहिल्यांदा हसलात. आठ दिवसांत पत्र मिळालं. हमीपत्राचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

त्यानंतरच्या सायन हॉस्पिटलच्या खेपा वेगळ्याच. पहाटेची स्लो लोकल, रांग, आधी डोळे, मग कान, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखनाची चाचणी. प्रत्येक वेळी वेगळी तारीख, आणि माझी प्रत्येक वेळी अर्ध्या दिवसाची रजा. दोन खेपांना तुम्ही सोबत आलात, गुडघे दुखत असताना. वाशीला अशा मुलांसाठी महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे, तुमच्या ठाण्यात काय आहे, असं माझी नणंद विचारायची. मला माझ्याच हद्दीतलं काही माहीत नव्हतं. हे मी कमीपणा म्हणून सांगत नाही, बहुतेक आयांचं असंच असतं. तोवर गरजच पडलेली नसते.

सासूबाईंचा अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राला विरोध होता. पोराच्या कपाळावर कायमचा शिक्का बसेल म्हणाल्या. त्यांना तुम्ही जे ऐकवलंत ते आमच्या घरात अजून म्हणतात : "मी ३१ वर्षं शिक्के मारले, वहिनी. कागदावरच बसतो तो."

प्रमाणपत्र आलं, शाळेने तासाला २० मिनिटं जादा मान्य केली, आणि पहिल्याच चाचणीत पर्यवेक्षिकेने सगळ्यांबरोबर त्याचाही पेपर ओढून घेतला. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी पिशवी उचलून शाळेत भांडायला निघाले होते, तर तुम्ही दारात आडव्या. "आरडाओरडा आवक होत नाही. अर्ज लिही." पुढच्या परीक्षेपासून त्याच्या बाकावर वेळ लिहिलेली चिठ्ठी असते. ती त्याला आवडत नाही, सगळे बघतात म्हणतो. त्यावर अर्ज चालत नाही, काकू. त्यावर काय करायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

आता तो सातवीत आहे. आठवड्यातून दोनदा विशेष शिक्षिकेकडे जातो, फी जड जाते. 'घ' आणि 'ध' अजूनही भांडतात. पण परवा इतिहासाचा पेपर त्याने पूर्ण सोडवला, वेळ संपण्याआधी चार मिनिटं, आणि ती चार मिनिटं तो खिडकीतून गाड्या मोजत बसला. बाईंनी तक्रार केली नाही. मीही नाही.

माझ्याकडे आता एक फाइल आहे. सतरा पोचा. तुमच्या नावाची एकही नाही, कारण तुम्ही कशावरच कधी सही केली नाहीत.

पत्र मिळाल्याचं कळवावं. निळ्या टिका मी धरत नाही.

आपली,
पहिल्या मजल्यावरची

सोबत : लिंबाच्या लोणच्याची बरणी, १. लेबल लेकाने लिहिलंय, 'लिंबा'ची पहिली वेलांटी दुसरी झाली आहे. लाल पेन काढू नये, ही विनंती.