भरतपूरच्या रिक्षावाल्या सरदारजींना

सरदारजी, सत् श्री अकाल.

तुम्हाला मराठी येत नाही, तरी पत्र मराठीतच लिहितोय. नातवाला देवनागरी वाचता येते म्हणाला होतात, तो अर्थ लावील कसाबसा. शिवाय आमच्या बेळगावातल्या चार जणांनी हे वाचावं असंही मनात आहे. दर हिवाळ्यात इथून बसा भरभरून माणसं उत्तरेला जातात.

आमच्या टूरवाल्यांनी पत्रकात ‘पक्षी अभयारण्य, जागतिक वारसा स्थळ’ असं ठळक छापलं होतं. प्रत्यक्षात त्या केवलादेव अभयारण्याला एक तास, तोही चहापाणी धरून. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय हे पैसे भरतानाच सांगितलं होतं. ‘मावशींची काळजी आमच्यावर सोडा’ म्हणाले होते. ती काळजी म्हणजे जिथे उतरायचं तिथे ‘मावशी, तुम्ही गाडीतच बसा, फोटो दाखवतो.’ आग्र्याचा किल्ला बिचारीने मॅनेजरच्या मोबाइलवर बघितला! भरतपूरला मी बस सोडून दिली. पुढचं कसं जमवलं ते रामायण इथे नको.

तुम्ही आईला हात देऊन रिक्षात बसवलंत आणि पाण्याच्या कडेने सावकाश निघालात. रंगीत करकोच्यांची वसाहत, त्यांच्या पिल्लांचा गलका, ऊन खात पडलेली कासवं. हे दाखवायला तिथे पुष्कळ जण आहेत. मी आभार मानतोय ते घुबडाबद्दल.

फांदीला चिकटून, सालीच्याच रंगाचं, ते घुबड बसलं होतं. तुम्ही दुर्बीण दिलीत. आईने डोळ्याला लावली आणि म्हणाली, “हां, दिसलं की.” दुसरा कुणीही ‘चला’ म्हणून पेडल मारलं असतं. तुम्ही विचारलंत, “माताजी, मुँह किधर है उसका?”

आई गप्प.

तुम्ही हसला नाहीत. दुर्बिणीच्या रबरी कडा दुमडल्यात, म्हणजे चष्मा न काढता बघता येईल. रिक्षाच्या दांडीवर घडी केलेली शाल ठेवून तिचे कोपर टेकवलेत आणि रिक्षा हलू नये म्हणून चाकाला पाय लावून उभे राहिलात. मागच्या रिक्षा पुढे गेल्या, तुम्ही जागचे हलला नाहीत. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, “आमच्याकडेच तोंड आहे. डोळे मिटलेत मेल्याने. एक कान वर आहे बघ.” आणि मग माझ्याकडे वळून, “एवढ्या लांब मला घुबड दाखवायला आणलंस होय रे?” तिला असं हसताना फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

तिच्या ‘दिसलं की’ला मोठा सराव आहे, सरदारजी. आमच्याकडे कचेरीत कन्नडमधला कागद पुढे येतो, खिडकीमागचा विचारतो, ‘गोत्ताय्ता?’ आणि मराठी शाळेत जन्म घालवलेली माझी आई नुसतं ‘हूं’ म्हणते. समजलं नाही म्हटलं की समोरच्याच्या कपाळाला आठ्या पडतात. तुमच्या कपाळावर एकही आठी नव्हती.

मंदिराजवळच्या शिकारीच्या दगडी फलकाशीही तुम्ही थांबलात. बोलला काही नाहीत, आईला वाचू दिलंत. 12 नोव्हेंबर 1938, व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो, एका दिवसात 4,273 पक्षी. आईने चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला.

आणि भरतपूरजवळचं डीग! ते पत्रकात नव्हतंच. ‘माताजींना जाट राजा सूरजमलचे महाल दाखवल्याशिवाय जाऊ नका’ हे तुम्हीच बजावलंत, ओळखीची गाडीही तुम्हीच बोलावलीत. गोपाळ भवनाचे पाण्यावर झुकलेले सज्जे, दिल्लीहून आणलेला संगमरवरी झोपाळा, पावसाळा नसताना पावसाचा भास व्हावा म्हणून कारंजी आणि दगडी गोळ्यांचा गडगडाट योजलेलं केशव भवन, सगळं आईने काठी टेकत, दम खात बघितलं. पण ती खरी रमली पानिपताच्या इतिहासात. 1761 मध्ये हरलेले, जखमी, उघडेवाघडे मराठे याच मुलखात येऊन पोचले. भाऊसाहेबांचं आणि सूरजमलचं आधीच बिनसलेलं, अब्दालीचा धाक डोक्यावर. तरी त्याने आणि राणी किशोरीने त्यांना खाऊपिऊ घातलं, कपडेलत्ते दिले, वाटेला लावलं. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेर बहाद्दर तिथेच जखमांनी गेला. सज्जाखाली बसून आई म्हणाली, “यांच्यात हे रक्तातच आहे.” रक्ताबिक्ताचं मला काही पटत नाही. राजस्थानातही लुबाडणारे भेटलेच आम्हाला. पण दारात आलेल्याचा आधीचा हिशेब न काढणारी माणसं असतात, आणि त्यांच्यामुळेच आपल्यासारख्यांचं निभावतं.

आता घरी गंमत झालीय. नातू मोबाइल पुढे करून “आजी, दिसलं ना?” म्हणतो, तर ती ठणकावून “नाही दिसलं, नीट धर” म्हणते. परवा बँकेतही फॉर्म परत सरकवून “वाचून दाखवा” म्हणाली. मागे रांग वाढत होती, हिला फिकीर नाही.

तिला तुम्हाला मांडे पाठवायचे होते. भरतपूरपर्यंत त्यांचा चुरा होईल म्हणून कुंदा पाठवतोय. शेजारचे काका तिकडे निघालेत, गेटावर तुम्हाला शोधून देतील. साखरेचं पथ्य असेल तर नातवाला द्या, पण चव तेवढी बघाच.

तुमचा,
बेळगावच्या माताजींचा मुलगा