रिगाहून सुधीरला

रिगा, लॅटव्हिया
16 नोव्हेंबर 2025

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र मिळाले. भाच्याने येथे शिकायला यावे का, आणि शिक्षण संपल्यावर त्याचे बस्तान येथे बसेल का, हे तू विचारले आहेस. शिवाय अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला शोभेल असा एक खोचक प्रश्नही जोडला आहेस, की ज्या देशात पगार वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास वाढत आहेत, त्याच देशाचे उत्पादन 2024 साली जागच्या जागी कसे राहिले? दोन्ही प्रश्नांची गोम एकच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सप्टेंबरात आमच्या न्हाणीघरातला पाइप गळू लागला. प्लंबर मिळायला पाच आठवडे लागले. आले ते एकसष्ट वर्षांचे गृहस्थ; चार जिने चढून आल्यावर उपड्या बादलीवर बसून त्यांनी आधी दम घेतला आणि मगच पिशवीतून पाना काढला. त्यांच्या हाताखाली दोन पोरे शिकत होती, त्यांतला एक नॉर्वेला गेला आणि दुसरा जर्मनीला. मजुरी सांगताना ते बिचारे स्वतःच ओशाळले. तुझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या बादलीवर बसले होते असे म्हण ना! तासाभरात जेवढे सांधे ते पूर्वी बसवत तेवढेच आजही बसवतात, पानाही तोच आहे. मजुरी वाढली ती हे काम करणारा दुसरा कोणी उरला नाही म्हणून.

लॅटव्हियाची लोकसंख्या 1989 च्या जनगणनेत 26.67 लाख होती, 2000 साली ती 23.77 लाख झाली, 2011 मध्ये 20.70 लाख, आणि आता ती 19 लाखांच्याही खाली आहे. पहिली घसरण सोव्हिएत संघ मोडल्यानंतरची. सैनिक आणि त्यांची कुटुंबे रशियाला परतली, कारखाने बंद पडले, जन्मदरही कोसळला. दुसरी घसरण वेगळ्या जातीची आहे. 1 मे 2004 रोजी हा देश युरोपीय संघात आला आणि ब्रिटन, आयर्लंड व स्वीडन यांनी आपले श्रमबाजार लगेच खुले केले. ज्या दारातून परदेशी भांडवल आत आले, त्याच दारातून तरुण मंडळी बाहेर पडली.

आणि मग 2008 चे संकट आले. स्वस्त कर्जावर घरांच्या किमती फुगल्या होत्या, तो फुगा फुटला. एक मोठी बँक सरकारला ताब्यात घ्यावी लागली आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, युरोपीय संघ आणि इतरांकडून 7.5 अब्ज युरोंचे कर्जसाहाय्य ठरले. अशा वेळी चलनाचे अवमूल्यन करून निर्यात स्वस्त करणे ही पुस्तकी वाट असते, पण लात्स हे येथील तेव्हाचे चलन युरोशी बांधलेले होते, ते सरकारने तसेच ठेवले, कारण लोकांची घरकर्जे बहुतांशी युरोत होती आणि युरो स्वीकारण्याचे स्वप्नही मोडायचे नव्हते. चलन स्वस्त करायचे नाही म्हटल्यावर माणूस स्वस्त करणे भाग पडले. शिक्षकांचे पगार कापले, रुग्णालये बंद केली. 2009 या एका वर्षात अर्थव्यवस्था सुमारे 14 टक्क्यांनी आक्रसली आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला बेरोजगारी 20 टक्क्यांना टेकली. पुढे वाढ परतली, 2014 मध्ये युरोही आला, आणि या धोरणाचे बाहेर बरेच कौतुक झाले. मला ते कौतुक अर्धवट वाटते. बेरोजगारीचा आकडा उतरला त्यात नव्या नोकऱ्यांचा वाटा होता तसाच विमानतळावरून एकेरी तिकीट काढून गेलेल्यांचाही होता, आणि दरडोई उत्पन्न मोजताना भागाकारातला खालचा आकडा लहान झाला की उत्तर आपोआप देखणे दिसते.

आपल्याला हे नवे नाही. 2001 ते 2011 या काळात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली होती. येथे जूनच्या 23 आणि 24 तारखांना लीगो-याणीचा सण असतो, तेव्हा डब्लिनहून, लंडनहून माणसे गावी येतात, शेकोटीभोवती रात्र जागवतात आणि परत जातात. चाकरमान्यांच्या गणपतीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

आता उरलेले अर्धे उत्तर, म्हणजे उत्पादन का अडले ते. सकल उत्पादनाच्या सुमारे दोन तृतीयांश एवढी निर्यात असलेला हा देश, त्यामुळे स्वीडन-जर्मनीत घरबांधणी थंडावली की येथील लाकडाची मागणी घटते, आणि रशियाशी संबंध तुटल्यावर कोळसा-तेलाच्या वाहतुकीवर जगणारी बंदरेही सुस्तावली. बाहेरच्या मागणीपुढे या देशाचा इलाज चालत नाही. इलाज आहे तो माणशी उत्पादन वाढवण्यात. आधुनिक लाकूडगिरणीत मोजकी माणसे ओंडक्यांचे ढीग हातावेगळे करतात, तेथे वाढीव पगार पेलतो. जुन्या यंत्रांवर चालणाऱ्या छोट्या कारखान्याला तो पेलत नाही आणि नव्या यंत्रासाठी बँक हात राखूनच कर्ज देते. त्यातच आणखी एक विसंगती आहे: कामगार मिळत नाहीत अशी ओरड असताना बेरोजगारी सात टक्क्यांच्या घरात आहे, कारण काम रिगात आहे आणि बेकार माणूस पूर्वेकडच्या लाटगालेत. त्याने यायचे म्हटले तरी येथे परवडणारे भाड्याचे घर कुठे आहे? शेजारच्या लिथुआनियात 2019 पासून जाणाऱ्यांपेक्षा येणारे जास्त झाले, तेव्हा हे चित्र पालटतच नाही असे मी म्हणणार नाही.

भाच्याला एवढेच सांग, की इंग्रजीतून पदवी मिळते, पण बहुतेक नोकऱ्यांना लॅटव्हियन लागते, आणि ती न शिकलेली आपली पुष्कळ मुले कडाक्याच्या थंडीत पाठीवर खाद्यपदार्थांची पेटी घेऊन सायकल मारताना दिसतात. माणसांचा तुटवडा आहे म्हणून कोणालाही पायघड्या घातल्या जातील, हा समज त्याने एजंटाकडून घेतला असेल तर तो आधी काढून टाक, आणि पैसे भरण्यापूर्वी त्याला माझ्याशी बोलायला लाव.

वहिनींना नमस्कार. स्वयंपाकघरातला नळही आता गळू लागला आहे. प्लंबरकाकांनी जानेवारीतली तारीख दिली आहे.

तुझा,
अविनाश